शाळेची परीक्षा घ्यायला थांबलेला माणूस : नागपुरातील इंग्रजीच्या तासाचा इतिहास

१/
४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी चालू होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपही तेथे आले होते. त्या दिवशी बोरी गावच्या शाळेची परीक्षा घेण्यासाठी हिस्लॉप मागे थांबले. काळोख पडल्यावर ते घोड्यावरून एकटेच निघाले आणि पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षांचे होते.

२/
नागपूरकरांना हे नाव हिस्लॉप कॉलेजामुळे परिचित आहे. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना ते विदर्भातील जीवाश्मांमुळे ठाऊक असते. मात्र हिस्लॉप यांचा रोजचा उद्योग शाळेचा होता. मराठी मुलांना इंग्रजी नेमकी कशी शिकवली जात होती, वर्गात मुलांकडून काय करून घेतले जात होते आणि त्यातून कोणाचे काय साधले, हा या धाग्याचा विषय आहे.

३/
हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्या वेळी येथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि सीताबर्डीवर इंग्रज रेसिडेंट बसत असे. १८४६ मध्ये हिस्लॉप यांनी शाळा उघडली. संस्थान खालसा होण्यास अजून ८ वर्षांचा अवकाश होता. म्हणजे नागपुरात इंग्रजीचा वर्ग इंग्रजी अमलाच्या आधीच भरू लागला होता.

४/
त्या काळच्या मुलांना परिचित असलेली शाळा पंतोजींची. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, उजळणी घोकायची, मोडी वळण घोटायचे आणि मोठ्या मुलांनी लहानांकडून म्हणून घ्यायचे, असा तेथील क्रम असे. एका मुलाने दुसऱ्यास शिकवण्याची ही रीत कमी प्रतीची मुळीच नव्हती. अँड्र्यू बेल याने मद्रासमध्ये वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहिली, १७९७ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक छापले आणि त्यातून ‘मद्रास पद्धत’ या नावाने मॉनिटरची प्रथा इंग्लंडच्या शाळांत रूढ झाली.

५/
हिस्लॉप ज्या स्कॉटिश परंपरेतून आले, तिचा भर वेगळा होता. एडिंबरोच्या जॉन वुड याच्या शाळेत केवळ धडा म्हणून दाखवणे पुरेसे समजले जात नसे. प्रत्येक शब्दावर प्रश्न विचारले जात. अलेक्झांडर डफ याने १८३० मध्ये राममोहन रॉय यांच्या साहाय्याने कलकत्त्यात शाळा काढली आणि हीच प्रश्नोत्तराची रीत भारतात आणली. पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळांपुढे डफचा कित्ता राहिला.

६/
या रीतीचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. धड्यात ‘बैल’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. घोकणारा मुलगा त्याचे स्पेलिंग म्हणून खाली बसेल. प्रश्नोत्तराच्या वर्गात मात्र मास्तर विचारणार : हा प्राणी कोणता? तो काय खातो? शेतात त्याचा उपयोग कोणता? गाय आणि तो यांत फरक काय? एका शब्दातून दहा वाक्ये निघतात. समजले की नुसते पाठ झाले, हेही लगेच उघड होते.

७/
या पद्धतीला एक पूर्वअट होती. मुलाने कोणत्या अर्थाने उत्तर दिले, हे कळण्यासाठी शिक्षकाला मुलाची भाषा यावी लागे. हिस्लॉप यांनी मराठीचा अभ्यास केला होता. गोंडांच्या परंपरेतील लिंगोची गीतकथा त्यांनी टिपून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली. ऐकून घेणे हा त्यांच्या कामाचा भागच होता.

८/
मिशनचा हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता आणि तो लपवलेला नव्हता. इंग्रजी हवी होती, बायबल नको होते. तरीही दोन्ही एकाच बाकावर मिळत. धर्मांतराच्या भीतीने मिशनशाळांतून मुले काढून घेणे आणि काही काळाने पुन्हा पाठवणे, असे हिंदुस्थानभर घडत राहिले. पालकांचा हा पेच खोटा नव्हता. मुलाची पोटापाण्याची सोय व्हावी, पण मुलगा घराला परका होऊ नये, अशी त्यामागची धडपड होती.

९/
१८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. १८६७ मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कचेरी, न्यायालय, स्टेशन, गिरणी या सर्वांना इंग्रजीत अर्ज लिहिणारी, पत्रांची नक्कल करणारी, लांबलचक कागदांचा गोषवारा काढणारी माणसे हवी होती. शाळेतील पत्रलेखन आणि सारांशलेखन यांना कचेरीच्या टेबलावर थेट किंमत मिळू लागली.

१०/
हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले. परंतु नागपूरला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. येथील मुले आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. शेकडो मैलांवर बसलेल्या परीक्षकाला मुलाला समोर उभे करून ‘म्हणजे काय?’ असे विचारता येत नाही. त्याच्या हाती फक्त कागद असतो. कागदावर मोजता येईल तेच मग वर्गात शिकवले जाऊ लागले.

११/
कागदावर सर्वांत सोपे मोजता येते ते व्याकरण. त्याचा साचा जुना होता. लिंडली मरे याचे इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये निघाले आणि त्यामागोमाग चुकीची वाक्ये दुरुस्त करण्याचे स्वाध्यायही आले. आजच्या प्रश्नपत्रिकेतील ‘चूक दुरुस्त करा’ हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांचा आहे. त्याच्या सोबतीला आले शब्दांचे व्याकरण चालवणे, वाक्यपृथक्करण, कर्तरीचे कर्मणी करणे आणि श्रुतलेखन.

१२/
उत्तर भारतात शिक्षणखात्यात अधिकारी असलेल्या नेसफील्डची व्याकरणे १८९० नंतर देशभर चालली. पुढे आले रेन आणि मार्टिन. यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि फ्रेंच फॉरेन लीजनवरील ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. गंमत अशी की, याच रेन यांनी आधी भारतीय शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने, म्हणजे बोलून आणि वस्तू दाखवून, शिकवावी यासाठी पुस्तक लिहिले होते. लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे व्याकरण.

१३/
मराठी मुलांचा खरा सोबती मात्र भाषांतर होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या. नियम सांगायचा, मराठी वाक्ये द्यायची, त्यांची इंग्रजी करायची. मग इंग्रजीची मराठी. या रीतीची पुढे पुष्कळ थट्टा झाली, कारण तीतून तयार झालेला मुलगा अचूक लिहीत असे आणि बोलताना अडखळत असे. तरी तिने एक गोष्ट सांभाळली. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्गाबाहेर उभी नव्हती.

१४/
या सहवासाचा परिणाम मराठीवरही झाला. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. मराठी हस्तलिखितांत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह नसत. मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मध्ये आली आणि ही चिन्हे मराठीत रुजली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. इंग्रजी निबंधावर पोसलेली लेखणी मराठीच्या अभिमानासाठी चालली.

१५/
पण बाकावर बसायचे कोणी? पद्धतीच्या चर्चेआधी हा प्रश्न येतो. नागपूर परिसरातील जाईबाई चौधरी या दलित स्त्रीने मजुरी करून, डोक्यावर ओझी वाहून दिवस काढले. एका मिशनरी महिलेच्या साहाय्याने त्या शाळेत शिक्षिका झाल्या. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले पाठवणे बंद केले. जाईबाईंची नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची शाळा काढली.

१६/
त्याच्या अगोदर, डिसेंबर १९२० मध्ये, नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केले. सरकारी शाळा-कॉलेजांवरील बहिष्कार हा त्याचा एक भाग होता. एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने, काही तरुण वर्गातून बाहेर पडत होते आणि एक स्त्री आपल्या मुलींना वर्गात बसवण्यासाठी झगडत होती. दोघांचेही म्हणणे खरे होते. ज्याला वर्ग आधीच मिळाला होता, त्यालाच तो सोडता येत होता.

१७/
१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. चाळीसच्या दशकात पदवीच्या शिक्षणासाठी मराठी आणि हिंदी माध्यमाचा मार्ग खुला करणाऱ्या पहिल्या काही विद्यापीठांत त्याची गणना होते. याचा इंग्रजीच्या तासावर मोठा परिणाम होणे अटळ होते. इतिहास, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र मराठीतून शिकता येऊ लागले की इंग्रजी हे ज्ञानाचे एकमेव दार उरत नाही. ती एक भाषा होते, आणि भाषा म्हणून शिकवावी लागते.

१८/
मग भाषा म्हणून कशी शिकवायची? पन्नाशीच्या दशकात मद्रासकडून संरचनात्मक पद्धत आली. फळ्यावर तक्ता काढायचा आणि प्रत्येक रकान्यातील एकेक शब्द उचलून वाक्ये जुळवायची. व्याकरणाचा नियम न सांगता तो सवयीने बसावा, ही त्यामागची कल्पना. मोठ्या वर्गांना ती सोयीची होती. पण तक्त्यातून शेकडो अचूक वाक्ये काढणाऱ्या मुलाला त्यातले एकही वाक्य कोणाला सांगायचे नसे.

१९/
या कोंडीवर एक उत्तर दक्षिणेतूनच निघाले. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर प्रकल्प चालवला. सामान्य शाळांतील मुलांना व्याकरणाचे धडे न देता कामे दिली गेली : रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी निवडा, नकाशावरून वाट सांगा, अपुरी माहिती पूर्ण करा. लक्ष अर्थावर आणि भाषा त्या ओघात. आज जगभर कार्याधारित अध्यापन म्हणून जे शिकवले जाते, त्याचा एक मूळ झरा हा आहे.

२०/
जून २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तोवर मराठी शाळांत ती पाचवीपासून असे. विरोधकांना मराठीची चिंता होती आणि शिक्षकांच्या तयारीबद्दल शंका. समर्थकांचा युक्तिवाद साधा होता : पैसेवाल्यांच्या मुलांना जे शिशुवर्गात मिळते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत का मिळू नये? या वादात जाईबाईंच्या काळचाच प्रश्न नव्या वेषात उभा होता.

२१/
या दीड शतकाकडे एकत्र पाहिले तर एक सूत्र दिसते. घोकंपट्टी, भाषांतर, तक्ते, खेळ हे उपक्रम एकामागून एक आले आणि प्रत्येकाने मागच्याला मोडीत काढल्याचा दावा केला. वास्तविक यांपैकी कोणतेही साधन मुळात निरुपयोगी नव्हते. जेथे शिक्षकाने मुलाला ‘तुला काय म्हणायचे आहे?’ असे विचारले, तेथे भाषांतरानेही भाषा आली. जेथे परीक्षेलाच उत्तर हवे होते, तेथे खेळाचीही घोकंपट्टी झाली.

२२/
म्हणून टाकळघाटच्या त्या संध्याकाळचे महत्त्व. हिस्लॉप यांच्या धर्मकार्याविषयी मतभेद राहतील आणि ते राहावेत. परंतु चीफ कमिशनरांसारखी बडी असामी सोबत असताना, पावसाच्या दिवसांत, एका खेड्यातील मुलांना समोर उभे करून त्यांना काय कळले हे ऐकण्यासाठी ते थांबले होते. दूरच्या विद्यापीठाची प्रश्नपत्रिका हे काम कधीच करू शकली नाही. जो शिक्षक तास संपता संपता पुस्तक मिटून शेवटच्या बाकावरील मुलाला विचारतो, ‘म्हणजे काय, सांग बरं तुझ्या शब्दांत’, तो ते आजही करतो.