खानदेशचें दूध आणि दुर्दम्य जंतु

खानदेश म्हटलें कीं कापूस, केळीं आणि वांग्याचें भरीत एवढेंच परस्थाला आठवतें. परंतु हा प्रांत मूळचा गवळ्यांचा. येथील अहिराणी बोलीचें नांवच आभीरांशीं, म्हणजे गुरें राखणाऱ्या लोकांशीं, निगडित आहे. १९०६ सालीं या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले. जळगांव हें एकाचें आणि धुळें हें दुसऱ्याचें मुख्य ठाणें झालें.

त्या काळीं खेड्यांतील दूध दूध म्हणून फारसें विकलें जात नसे. तें तापवावें, विरजावें, घुसळावें, लोणी कढवावें आणि तूप बाजारास न्यावें, अशी रीत होती. ताक तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस फुकटच मिळे. या रीतींत मोठें शहाणपण नकळत सांठलेलें होतें. दूध उकळलें कीं त्यांतील घातक जंतु मरतात. विरजणाच्या आंबटपणानें मागाहून शिरणाऱ्यांचा जोर मोडतो. आणि कढलेल्या तुपांत पाण्याचा अंशच न राहिल्यामुळें त्यांना वाढावयास वाव मिळत नाहीं. अपवाद होता तो धारोष्ण दुधाचा. आयुर्वेदाच्या ग्रंथांनीं त्याची स्तुति केलेली, तालमींतल्या मल्लांची त्यावर श्रद्धा, आणि शेळीचें दूध तर औषधासारखें तसेंच घेण्याची चाल!

या श्रद्धेस मोठा धक्का बसला तो दूरच्या माल्टा बेटांत. तेथील इंग्रज शिपायांस एक चिवट ताप येई. उतरे, पुन्हां चढे, आणि महिनेच्या महिने माणसाची पाठ सोडीत नसे. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस यानें त्याचा जंतु शोधून काढला. पण तो माणसांत शिरतो कोठून, हें कोडें पुढें अठरा वर्षें सुटलें नाहीं. १९०५ सालीं थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टी वैद्यास तो बेटांतल्या शेळ्यांत सांपडला. शेळ्या दिसावयास अगदीं धडधाकट! दुसऱ्या वर्षीं लष्करांत शेळीचें दूध बंद झालें आणि ताप झपाट्यानें ओसरला. हाच रोग, ब्रुसेलोसिस, महाराष्ट्रांतील गुराढोरांत अजून आहे. गाय किंवा शेळी गाभडते, आणि वार काढणाऱ्या हातांतून अथवा कच्च्या दुधांतून जंतु घरांत येतो. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेंत कालवडींस व पारड्यांस त्याची लस टोंचण्यास प्रारंभ झाला.

दूध शहराकडे वाहूं लागलें तें पुढें. मुंबईस १९४९ सालीं दारा खुरोडी यांच्या पुढाकारानें आरे वसाहत उभी राहिली. कमला सोहोनी यांच्यासारख्या विदुषीचें शास्त्रीय साह्य तिला लाभलें. ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून तत्काळ थंड करण्याची पाश्चरची पद्धति तेथून अनेक जिल्ह्यांत पसरली. धुळ्यास सरकारी दूधयोजना निघाली, जळगांवीं सहकारी संघ झाला. तरी दारांत येणारा भय्या किंवा गवळी कांहीं सुटला नाहीं, व त्याच्या कॅनमधील दूध कोणी तपासलेंहि नाहीं.

आतां औषधांची गोष्ट. अलेक्झांडर फ्लेमिंग यास १९२८ सालीं पेनिसिलिन गवसलें. १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक घेतांना त्यानेंच बजावलें कीं, अपुरी मात्रा दिल्यास जंतु त्या औषधास सरावतील. इशारा देणारा खुद्द शोधकच होता, तरी त्याकडे जगानें लक्ष दिलें नाहीं! १९५५ सालीं पुण्याजवळ पिंपरीस पेनिसिलिन तयार होऊं लागलें, आणि पूर्वीं दुर्मिळ असलेलें औषध गोठ्यापर्यंत पोहोंचलें.

गोठ्यांत त्याचें मुख्य काम कासदाहाचें. शेतकरी त्यास 'दगडी' म्हणतो. कास दगडासारखी कठीण होते, धारेंत गांठी येतात. अधिक दूध देणाऱ्या संकरित गाई या रोगास विशेष बळी पडतात. सडांत औषधाची नळी सोडली कीं दोन दिवसांत सूज उतरते, आणि तेथेंच उपचार थांबतो. खर्च वांचतो खरा. पण जे जंतु त्यांतून तगले, तेच पुढें वाढतात. शिवाय १९५९ सालीं जपानी संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, औषधास दाद न देण्याचा हा गुण आंतड्यांतील एक जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. गोठ्यांतील जंतूची विद्या माणसाच्या पोटांतील जंतूस मिळावयास मग एक पेला कच्चें दूधहि पुरे.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. औषधास न जुमानणारा जंतु उकळीस मात्र जुमानतो. तो इतरांइतकाच मरतो. परंतु दुधांत उतरलेलें औषध उकळीनें बहुतांशीं नाहींसें होत नाहीं. उपचार चालू असतांना व नंतर नेमलेले दिवस तें दूध काढून टाकावें असा नियम आहे. दहा लिटर दूध ओतून देण्याचें धैर्य दोन म्हशींच्या मालकाजवळ कोठून असावें? पुष्कळदां ही चोरी गृहिणीच्या लक्षांत आधीं येते. विरजण चांगलें, ऊबहि पुरेशी, आणि तरी दहीं लागत नाहीं. औषधानें विरजणांतले जंतुच मारलेले असतात.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१८ सालीं देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतील ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर निघाला. २०१९ च्या जुलैंत कोलिस्टिन हें माणसांसाठीं अखेरचा उपाय म्हणून राखलेलें औषध अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस व कोंबड्यांस देण्यास केंद्र सरकारनें बंदी घातली. कासेच्या नळ्यांचा व्यवहार मात्र गांवोगांव पूर्वींसारखाच चालूं राहिला.