उष्णतेला वळण लावणारे पदार्थ

उष्णता अडविणे आणि उष्णता वळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. धातूच्या तापणाऱ्या पत्र्यातील एखाद्या नाजूक भागाभोवती थर्माकोलसारख्या उष्णतारोधकाचे कडे बसविले, तर तो भाग काही काळ बचावतो. पण उष्णतेचा प्रवाह कड्यापाशी अडतो. त्याच्या अलीकडे तापमान वाढते आणि पलीकडे घटते. एकाला वाचविताना शेजाऱ्याला चटका बसतो. हा दोष टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी ‘औष्णिक मेटामटेरियल’ विकसित केले.

ज्या कृत्रिम पदार्थाचे गुणधर्म त्यातील द्रव्यांइतकेच, किंबहुना अधिक, त्यांच्या मांडणीवर अवलंबून असतात, त्यास मेटामटेरियल म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन पेंड्री आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे डेव्हिड स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी एखाद्या वस्तूला वळसा घालून पुढे कशा नेता येतील, याचे गणित मांडले. उष्णता ही लहरीसारखी धावत नाही, ती पसरत जाते. तरीही जोसेफ फूरिए यांच्या १८२२ मधील ग्रंथात मांडलेल्या उष्णतावहनाच्या समीकरणाला हे गणित लागू पडते, असे पुढे दिसून आले. फ्रान्समधील सेबास्तियाँ गेनो व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात सुप्रदीप नारायणा आणि युकी सातो यांनी ते प्रयोगाने दाखविले.

यामागील तत्त्व सोपे आहे. सुवाहक आणि रोधक द्रव्यांचे पातळ थर आलटूनपालटून गोलाकार रचले, की परिघाच्या दिशेने उष्णता सुवाहक थरातून सहज सरकते. केंद्राकडे जाताना मात्र तिला प्रत्येक रोधक थर ओलांडावा लागतो. साहजिकच ती मध्यभागाला वळसा घालते आणि पलीकडे पूर्ववत वाहू लागते. प्रमाण अचूक साधल्यास कड्याबाहेरील समताप रेषा जराही वाकत नाहीत. जर्मनीतील कार्लस्रूह येथे २०१३ मध्ये तांब्याच्या पत्र्याला छिद्रे पाडून त्यांत सिलिकोन रबर भरण्यात आले. तांब्याची उष्णतावाहकता या रबराच्या हजार पटींहून अधिक असते. मध्यभाग सावकाश तापत असल्याचे अवरक्त कॅमेऱ्याने टिपले.

या संरक्षणाला मर्यादा आहे. उष्णता नाहीशी होत नाही. पत्र्याची एक बाजू तापलेली राहिल्यास मध्यभागही कालांतराने तापतोच. अखेरीस त्याचे तापमान दोन्ही बाजूंच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावते, मात्र ते आत सर्वत्र सारखे असते. म्हणजे हे कवच विलंब आणि समानता देते, गारवा नव्हे. आतील चिप स्वतःच उष्णता निर्माण करीत असेल, तर तिची उष्णता बाहेर पडणेही कठीण होते. म्हणूनच सर्किट बोर्डासारख्या दाटीच्या जागी नाजूक भागाला कवच घालतानाच, वळविलेली उष्णता शेवटी कोठे सोडायची, हेही आधी ठरवावे लागते.