शिवाजी पार्कची शांतता आणि मोजणीतून राहून गेलेली मोठी माणसं

महापालिकेने १९२५ साली हे मैदान खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचं शिवाजी पार्क झालं. हे दादरकरांना पाठ असतं. पण त्याच १९२५ साली मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सहा मुलग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो, त्याच्या अगदी सुरुवातीच्या तपशीलवार नोंदींपैकी ती एक. मैदानाची शंभरी झाली, या नोंदीचीही झाली. हा दुसरा इतिहास दादरच्या घराघरातही घडला, फक्त त्याला नाव नव्हतं.

१९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला. त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, मोठ्या आवाजाची दहशत. व्हॅक्युम क्लीनर, लिफ्ट असल्या साध्या गोष्टींनीही ही मुलं घाबरून जायची. दोन, रोजचा क्रम बदलला की होणारी तगमग. ही मुलं पुढे मोठी होणार होती. पण शास्त्र आणि कायदा दोघांचंही लक्ष बराच काळ मुलांवरच राहिलं.

जरा हिशोब करू. समजा, एखादी व्यक्ती १९७० साली शिवाजी पार्कात जन्मली. ती दहा वर्षांची झाली तेव्हा, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली. तोवर अशी मुलं 'बालवयातला स्किझोफ्रेनिया' या सदरात जात. ती पंचविशीची झाली तेव्हा आपल्याकडे १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला. त्यात सात प्रकार होते, ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण त्या कायद्याचा मुख्य भर पालकत्व आणि सांभाळ यांवर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत ऑटिझम घेतला, तेव्हा ही व्यक्ती ४६ वर्षांची. शाळा संपली, नोकरी लागली किंवा सुटली, लग्न झालं किंवा मोडलं. सगळं निदानाविना.

मग लोक काय म्हणाले? एककल्ली. घुमा. तऱ्हेवाईक. माणूसघाणा. बाई असेल तर 'फार शिष्ट आहे हो'. 'स्वमग्न' हा शब्दही थोडा फसवाच आहे. बाहेरचं जग जरा जास्तच आत शिरतं म्हणून दार लोटून घेणाऱ्या माणसाला आपण 'स्वतःतच मग्न' म्हणतो!

याची किंमत मन मोजतं. दिवसभर इतरांसारखं वागायचं, नजरेला नजर द्यायची, फोनवर गोड बोलायचं, ट्यूबलाइटची घरघर ऐकू येत नाहीये असं दाखवायचं. संध्याकाळी माणूस पार रिकामा होतो. चिंता आणि नैराश्य ऑटिस्टिक प्रौढांमध्ये इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठेपणी अॅस्पर्जरचं निदान झालेल्यांपैकी ६६ टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगितलं होतं. नैराश्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात, मुळाशी काय आहे हे कोणी विचारतच नाही.

आता परत आपल्या मैदानाकडे. रहिवाशांच्या याचिकेवर मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरवलं. नियमाने तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलला: सरकारने जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्र नाही. सगळा वाद राजकीय सभा विरुद्ध रहिवासी असाच रंगला. पण रोज त्याच वेळी, त्याच दिशेने कट्ट्याला फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या माणसासाठी ती शांतता म्हणजे हौस नाही, घराबाहेर पडता येणं आहे.

म्हणून सभा नकोत, असं मी म्हणत नाही. ६ डिसेंबर, दसरा, २६ जानेवारीचं संचलन या तारखा सगळ्यांना ठाऊक असतात. माहीत असलेल्या गर्दीची तयारी करता येते. घात होतो तो न सांगता सुरू झालेल्या डीजेने.

तर मागणं साधं आहे. जी उत्तर विभागाने महिनाभर आधी मैदानाच्या प्रवेशद्वारांवर आणि ऑनलाइन यादी लावावी: कोणत्या दिवशी, किती ते किती ध्वनिक्षेपकाला परवानगी आहे. आणि ती वेळ पाळली जावी. ऑफिसांनी शांत कोपऱ्यातली जागा आणि तोंडीऐवजी लेखी सूचना द्याव्यात. अशा वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनांवर २०१६ च्या कायद्याने बंधनकारकच आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. चाळिशी-पन्नाशीचा पेशंट पुन्हा पुन्हा नैराश्य घेऊन येत असेल तर डॉक्टरांनी एकदा या दिशेनेही विचारावं.

आणि आपण? आपल्या बिल्डिंगमधल्या 'विचित्र' काकांना किंवा मावशींना नाव ठेवण्याआधी हा शंभर वर्षांचा हिशोब एकदा आठवू. ते मोजणीत नव्हते, पण इथेच होते.