पटावरून गळालेली नावे



मेळाव्याची यादी करताना आमच्या चौथीच्या वर्गाचा जुना पट हाती लागला. त्यातली कितीतरी नावे दहावीच्या फोटोत नाहीत. कुणी गुरामागे गेले, कुणी लग्न होऊन गेली. पण काहींची शाळा सुटली ती वाचता येत नव्हते म्हणून. त्यांना ‘ढ’ म्हणत, मागे बसवत आणि पुढचा धडा सुरू होई. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. ती मुले खरोखर ‘ढ’ होती का? आपल्या मुलखाचा इतिहास वेगळे सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत शाळा दारात आली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. निरक्षर प्रौढ अक्षरे गिरवू लागले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ही मोहीम राज्यभर गेली. नांगर धरणाऱ्या हाताला उतारवयात अक्षर वळते, तर आठ वर्षांच्या पोराला का वळू नये?

याचे उत्तर फलटणमध्ये शोधले गेले. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन १९६०च्या दशकात अमेरिकेतून फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. ज्यांच्या घरी पुस्तक नाही अशा मुलांचे वाचन कुठे अडते, हे त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. सगळी मुळाक्षरे ओळीने घोकण्याऐवजी थोड्या वर्णांचा गट घ्यायचा आणि लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही तिथली रीत. म, क, ल आणि काना एवढ्यावरच मका, माल, काम, मामा, कमला असे शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला कळते, मला वाचता येते!

२००५ पासून ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीने अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या लावून मुलांचे वाचन तपासले. पाचवीतली कितीतरी मुले दुसरीचा उताराही वाचू शकत नाहीत, हे देशाला कळले. मुलांचे गट इयत्तेऐवजी पायरीनुसार पाडून शिकवण्याची रीतही रुळली. आज अनेक ठिकाणी अशा मदतीचे तीन थर मानतात: सर्वांना नीट पद्धतीने शिकवणे, मागे पडलेल्यांना लहान गटात जादा वेळ, तरीही अडणाऱ्याला रोज एकट्याला शिकवणे आणि दर काही आठवड्यांनी प्रगती तपासणे. २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम घेतला, तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आले.

म्हणजे वाट आपल्याच दोन जिल्ह्यांत होती. आमच्या मागच्या बाकापर्यंत ती वेळेवर पोहोचली नाही, इतकेच. मूल कुठल्या पायरीवर अडले, हे कुणी विचारलेच नाही.

मेळाव्यात निधी जमेल, कमानही उभी राहील. त्यासोबत एक करूया. गावात राहणाऱ्या प्रत्येकाने शाळेतल्या एका अडलेल्या मुलाला रोज अर्धा तास द्यावा. पुढच्या मेळाव्याच्या यादीत त्याचे नाव असले, म्हणजे आपण इतिहासातून काही शिकलो.