पाण्याखालची पांढरी

आषाढीच्या चार दिवस आधी पंढरपुरात पहिली चौकशी होते ती पाण्याची. चंद्रभागेला पाणी आहे का? पाऊस लांबला असला की उजनीतून पाणी सोडतात आणि वाळवंटात उतरलेल्या वारकऱ्याला स्नान घडते. आपण ओंजळ भरतो, डोळ्यांना लावतो आणि दर्शनबारीला लागतो. हे पाणी पंढरीला येण्याआधी कुणाच्या अंगणात थांबलेले होते, हे काही मनात येत नाही. माझ्याही आले नसते. पण माझ्या आत्याचे सासर त्या पाण्याखाली आहे.

भीमा भीमाशंकराला उगम पावते. तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते, म्हणजे देहू-आळंदीचे पाणी तिथून पंढरीच्या वाटेला लागते. पुढे मुळा-मुठा येऊन मिळते. पालख्या निघण्याच्या कितीतरी आधीपासून हे पाणी वारी करते आहे. त्याच्या वाटेवर, माढा तालुक्यात, 1969 साली उजनी धरणाचे काम सुरू झाले आणि 1980 साली पुरे झाले. साठा सुमारे 117 टीएमसी. पाण्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत पसरला. सोलापूर जिल्ह्यातली कोरडी शिवारे भिजली, ऊस आला, कारखाने उभे राहिले. हे खोटे नाही. भीमाकाठची काळी आणि पांढरी दोन्ही बुडाली, हेही खोटे नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे घरांची, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे नाव पुष्कळांना माहीत असेल. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ पाण्यात आहे; उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे शिखर दिसू लागते. गाव वर सरकले, पुणे-सोलापूर रस्त्याजवळ वसले, तिथे पळसनाथाचे नवे मंदिर झाले. देवालाही घर बदलावे लागते. आपला पांडुरंग विजयनगरला नेला होता आणि भानुदास महाराजांनी तो परत आणला, अशी परंपरा आहे. हंपीचे विठ्ठल मंदिर आजही मूर्तीवाचून उभे आहे. पण पांडुरंगाला परत यायला पंढरी जागेवर होती. धरणात गेलेल्यांना ती सोय नव्हती.

आत्याचे गाव लहान होते, त्याचे नाव इथे देत नाही. धरण पुरे होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी त्यांनी घर उतरवले. हो, उतरवलेच. माळवदाची माती काढली, तुळया, खांब, दाराची चौकट, कड्या सगळे बैलगाड्यांत भरले. घरच्यांनीच घर मोडायचे, आणि तेही जपून मोडायचे, कारण त्याच लाकडावर पुढचे घर उभे राहणार. आत्या म्हणायची, "भिंती तेवढ्या ठेवल्या. त्या आणता येत न्हाईत." नवे गावठाण माळावर, मुरमाड. आखून दिलेल्या सरळ रेघांत घरे. जुन्या गावात बोळातून हाक मारली की चार घरांत ऐकू जायची. इथे शेजार कोण हे सरकारी नकाशाने ठरवले. प्यायचे पाणी नव्हते. डोळ्यांसमोर समुद्रासारखा जलाशय आणि हंडा घेऊन मैलभर चालायचे, याचा राग तिला शेवटपर्यंत होता. मला तो रास्तच वाटतो.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 साली झाला. धरणाचे काम त्याआधी सात वर्षे चालू होते. ज्यांच्या शेताला धरणाचे पाणी मिळणार, त्या लाभक्षेत्रात विस्थापितांना जमीन द्यायची, असा विचार त्यामागे होता. विचार चांगला, पण ती जमीन कुणाची तरी काढूनच द्यावी लागते. आत्याच्या थोरल्या दिरांना पंढरपूर तालुक्यात जमीन मिळाली. ज्यांची ती होती, ते त्याच शिवारात राहत होते. बांधावर बोलणे नाही, लग्नाकार्याला आवतण नाही. पोरांना शाळेत नावाने हाक मारायच्या ऐवजी 'धरणग्रस्त' म्हणत. एका गावात राहून गावाबाहेर असणे म्हणजे काय, हे आपल्या संप्रदायाला सांगायला नको. विठ्ठलपंत आपेगावचे, सासुरवाडी आळंदीची. तिथेच संसार मांडला, पण संन्यासातून परतल्यावर आळंदीने दार लावले आणि चार लेकरांसह सिद्धबेटावर राहावे लागले.

दिरांच्या वस्तीवरचे हे अवघडलेपण फुटले ते एकादशीला. त्यांच्या गळ्यात माळ होती आणि आवाजही गोड. नव्या गावच्या भजनात ते आधी मागे, चपलांपाशी बसत. एका रात्री मृदंग वाजवणारा आला नाही. दिरांनी विचारले, "मी बसू का?" त्या रात्रीनंतर त्यांना भजनाला बोलावणे येऊ लागले. जमिनीचा वाद काही मिटला नाही. तो कोर्टातही गेला. पण वाद घालणारे दोघे हरिपाठाला एका रांगेत उभे राहू लागले.

इकडे आत्याच्या माळावर देऊळ व्हायला वर्षे लागली. तोवर विठोबाची तसबीर तिच्या पडवीत होती आणि हरिपाठ तिथेच. सप्ताहाची वीणा खाली ठेवायची नसते. पहिल्या वर्षी पहाऱ्याला माणसे पुरेनात, कारण निम्मे गाव दुसऱ्या तालुक्यांत पांगलेले. मग बायकांनी पहारे घेतले. तेव्हा कुणी कुरकुर केली म्हणे. दुसऱ्या वर्षी केली नाही.

गाव मोडले तरी दिंडी मोडली नाही. आत्याकडचे लोक इंदापुरात तुकोबारायांच्या पालखीला मिळत, पंढरपूर तालुक्यात गेलेले थेट पंढरीला येत. मठात भेट झाली की आधी पायावर डोके, मग रडणे, मग कुणाच्या म्हशीला काय झाले ते लहानपणापासूनचे सगळे. रात्री जेवणाला पंगत बसे ती जुन्या गावच्या आळीप्रमाणे. ते कुणी ठरवले नव्हते.

उजनी रिकामे झाले, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हाही आत साठएक टीएमसी मृतसाठा असतो. त्यामुळे खोलातली गावे एरवी दिसत नाहीत. 2013 च्या दुष्काळात पाणी उण्यात गेले आणि आत्याचे गाव वर आले. तिला घेऊन आम्ही गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, मधूनच दगडांच्या ओळी. तिने काठी टेकत टेकत घर काढले. हे जोते, हा उंबरा, इथे चूल. तुळशीवृंदावनाचा खालचा दगड जागेवर होता. त्यावरचा गाळ तिने पदराने पुसला आणि उंबऱ्याच्या आत, जिथे पूर्वी बसायची तिथे, बराच वेळ बसली. धाकट्या भावाने विचारले, "तुळशीचा दगड घेऊ का गाडीत?"

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. मग सूर्याकडे बघून उठली. "चला घरी. दिवेलागण व्हायला आली, हरिपाठाला माणसं येत्याल."