बुरशीशी झुंजणाऱ्या उसन्या पेशी

२०२१ च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हे दोन शब्द महाराष्ट्रात घरोघर पोचले. लोणच्याच्या बरणीत किंवा ओल्या भिंतीवर दिसणारी ही वस्तू माणसाचा डोळा नि जबडा घेऊ शकते, हे अनेकांना तेव्हाच कळले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डात हे भय जुने आहे. तिथली मुख्य वैरीण मात्र वेगळी, अ‍ॅस्परजिलस. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो आणि आपल्याला काही होत नाही. का होत नाही, या एका प्रश्नापायी मी काही वर्षे जुने शोधनिबंध चाळतो आहे. मी डॉक्टर नाही. शब्दकोश हाताशी धरून जमेल तसे शिकलेला वाचक आहे.

पेशी रोगाशी लढतात, हा विचार एका बुरशीच्या रोगावरच पहिल्यांदा सिद्ध झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इल्या मेचनिकॉव्ह म्हटले की आठवतात सिसिलीतल्या मेसिना इथल्या तारामाशाच्या अळ्या आणि त्यांत त्याने टोचलेले गुलाबाचे काटे. पण काटा म्हणजे रोग नव्हे. खरा पुरावा त्याने १८८४ साली दिला, तो डाफ्निया या पाणपिसवेच्या आजारावरून. हा जीव पारदर्शक. त्यामुळे गिळलेले बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून बाहेर येतात, रक्तपेशी त्यांना वेढतात आणि संपवतात, हे सारे त्याला सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहता आले. बीजाणू निसटून वाढू लागले, तर पिसू मरे. पुढे १९०८ चे नोबेल त्याला पॉल एर्लिखसोबत मिळाले.

पाऊणशे वर्षांनी माणसाने स्वतःच या भक्षक पेशी पुसून टाकायला सुरुवात केली. अमेरिकेत डॉनल थॉमसने १९५७ मध्ये मज्जारोपणाचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे पहिले रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. नवी मज्जा रुजवायची तर आधी जुनी औषधांनी वा किरणांनी मारावी लागते. नवी कामाला लागेपर्यंत रुग्ण उघडा पडतो.

मग दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी उसन्या द्याव्यात, हे ओघानेच सुचले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्रायराइश याने साठच्या दशकात अजब दाते शोधले: जुनाट ल्युकेमियाचे रुग्ण! त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर असतो. जॉर्ज जडसन या आयबीएमच्या अभियंत्याच्या मुलाला ल्युकेमिया झाला होता. त्याने फ्रायराइशसोबत रक्तातून पेशी वेगळ्या काढणारे यंत्र उभे केले. एका बापाच्या धडपडीतून आलेले ते यंत्र मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत मानवी पान वाटते. पण या पेशी चोवीस तासांच्या आत द्याव्या लागतात, साठवता येत नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत जिवाणू वा बुरशीचा गंभीर संसर्ग झालेले ११४ रुग्ण होते. पेशी मिळालेल्यांत यश ४२ टक्के, न मिळालेल्यांत ४३. मात्र रुग्ण ठरल्यापेक्षा कमी मिळाले होते आणि ज्यांना जास्त पेशी मिळाल्या, ते कमी मिळालेल्यांपेक्षा बरे राहिले. त्यामुळे हा प्रश्न निकालात निघाला असे मी म्हणणार नाही.

खरे कोडे निराळेच होते. रोपणानंतर काही आठवड्यांत भक्षक पेशी परत येतात, तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अ‍ॅस्परजिलस माणसे नेतच होती. म्हणजे आणखी कोणीतरी गैरहजर होते. विषाणूंच्या बाबतीत त्याचे नाव ठाऊक होते: टी पेशी. सायटोमेगॅलो विषाणूविरुद्ध निवडून वाढवलेल्या दात्याच्या टी पेशी सिएटलमध्ये १९९२ सालीच दिल्या गेल्या होत्या. बुरशी मात्र ‘भक्षकांचे खाते’ म्हणून बाजूला राहिली. ही खातेवाटणी वैद्यकाला महाग पडली, असे माझे मत आहे.

ती मोडली इटलीतल्या पेरुजियाने, आणि तेही गरजेपोटी. तिथे निम्म्याच जुळणाऱ्या नातेवाइकाची मज्जा देत. दात्याच्या टी पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू नयेत म्हणून त्या आधी काढून टाकत. साहजिकच त्यांच्या रुग्णांत टी पेशींचा दुष्काळ सर्वांत लांबे. काटिया पेरुच्चिओ, लुइजिना रोमानी, आंद्रेआ वेलार्दी आदींनी दात्याच्या पेशींतून फक्त अ‍ॅस्परजिलस ओळखणाऱ्या निवडल्या, रुग्णावर उलटणाऱ्या वगळल्या आणि उरलेल्या दिल्या. २००५ च्या त्यांच्या निबंधात दहा रुग्णांपैकी नऊ संसर्गातून बाहेर आले. पेशी न मिळालेल्या तेरांपैकी सहा दगावले. चिठ्ठ्या टाकून केलेली ही चाचणी नव्हे, आणि आकडे लहान आहेत. तरीही वीस वर्षांनंतर ही पद्धत सर्रास रुजलेली नाही. एकेका रुग्णासाठी एकेका दात्याच्या पेशी वाढवायला आठवडे लागतात आणि बुरशीचा हिशेब दिवसांचा असतो.

म्हणून आता पेशींनाच नवे डोळे बसवणे चालू आहे. ह्यूस्टनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये टी पेशींवर बुरशीच्या कवचातली बीटा-ग्लुकान ही शर्करा ओळखणारा ग्राहक चढवला. जर्मनीतल्या व्युर्ट्सबुर्गने २०२२ मध्ये खास अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटससाठी तसाच ग्राहक घडवला. दोन्ही प्रयोग उंदरांपर्यंतचे. व्युर्ट्सबुर्गच्या निबंधातली एक नोंद मी दोनदा वाचली. त्या टी पेशी बुरशीवर स्वतः वार करतातच, शिवाय रासायनिक हाक देऊन भक्षक पेशींनाही कामाला लावतात, त्याच पेशी, ज्यांची जात मेचनिकॉव्हने पाणपिसवेच्या पोटात पाहिली होती.