पालकत्व : आई आणि वडील (महाराष्ट्र)

मुलांच्या संगोपनात आई व वडील यांच्याकडे येणारी कामे, त्यांचे अधिकार आणि मुलांशी असलेले त्यांचे वागणे यांतील भेद. हा भेद शरीरधर्मातून किती येतो आणि समाजरचनेतून किती, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत नोंद एकोणिसाव्या शतकापासूनच्या महाराष्ट्रापुरती असून ती मुख्यतः आत्मचरित्रपर लेखनावर आधारलेली आहे.

आईची माया आणि वडिलांचा धाक ही विभागणी सर्रास गृहीत धरली जाते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने घर धास्तावलेले दिसते, तेथे ती लागू पडते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात मात्र ती टिकत नाही. मराठी मनातील मायाळू आईची प्रतिमा ज्या पुस्तकाने घडवली, त्यातील आई कमालीची कडक आहे. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला ती मारून बाहेर काढते. नंतर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिलाच गहिवरून येते. धाक आणि माया दोन्ही तिच्याच ठायी आहेत. वडील, म्हणजे ‘भाऊ’, कर्जात आणि भाऊबंदकीत गुरफटलेले आहेत. आचार्य अत्रे यांच्या याच नावाच्या चित्रपटाला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि ही आई घराघरांत पोहोचली. या आदर्शाने स्त्रियांवर त्यागाचे ओझे लादले असा आक्षेप घेतला जातो. तो वादग्रस्त आहे.

शिक्षणाचा निर्णय : आई-वडिलांमधील खरा भेद येथे सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. जोतीराव फुले यांची आई त्यांच्या तान्हेपणीच वारली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले, पण शाळेतून काढण्याचा निर्णय वडील गोविंदरावांचा होता. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातल्यावर गोविंदरावांनीच तो फिरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घरी चित्र उलटे होते. आई भीमाबाईंच्या मृत्यूनंतर मुलांचे खाणेपिणे आत्या मीराबाईंनी पाहिले, तर सुभेदार रामजी अभ्यासाला पहाटेपूर्वी उठवत आणि पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून गहाण टाकत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळेच आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि ते वृद्ध झाल्यावर त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवले.

आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) या बाबतीत फार मोलाची आहे. कागलच्या या कुळवाडी घरात वडिलांना मुलगा मळ्यात हवा आहे. आईला त्याने शिकावे असे वाटते, पण नवऱ्यासमोर ते म्हणण्याची सोय नाही. म्हणून मायलेक गुपचूप गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात आणि आम्ही आलो होतो हे कळू देऊ नका, असे विनवतात. देसाई वडिलांना बोलावून घेतात, झाडतात, आणि मळ्याचे काम सांभाळून शाळेत जाण्याची परवानगी मिळते. घरातील सर्वांत दूरगामी निर्णय आईने घडवून आणला, पण तो दिला वडिलांनी. घराघरांतून असे किती निर्णय आयांनी घडवले असतील, आणि ते वडिलांच्याच नावे लागले! संगोपनाच्या इतिहासातील ही मोठी उणीव आहे आणि ती आत्मचरित्रेच थोडीफार भरून काढतात. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) शिक्षक असलेल्या वडिलांच्या मृत्यूनंतर बांबूच्या टोपल्या विणून मुलांना वाढवणारी आई दिसते. तेथे कमावणे आणि सांभाळणे एकाच हातात येते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) ही वडिलांच्या चित्रणासाठी एकत्र वाचावीत.

स्थलांतर : कोकण व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला बाप मुलांना मनीऑर्डरीतून आणि गणपती-शिमग्याच्या सुटीतून भेटे. गावी शेती, म्हातारे सासू-सासरे आणि मुले आईच्या माथी असत. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोघेही जात असल्याने मुले आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, अथवा फडावर येतात. तेथे धाकट्या भावंडांना सांभाळते ती थोरली बहीण. आई-बाप भेदाची नेहमीची चर्चा या मुलीला विचारातच घेत नाही.

वेळ : राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळवापर सर्वेक्षणानुसार देशात घरच्यांची विनावेतन देखभाल करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत २७.६ टक्के, तर पुरुषांत १४ टक्के होते. ही देखभाल करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देत.

कायदा : हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे प्रथम वडील व नंतर आई नैसर्गिक पालक, पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. वडील हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आई पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात (१९९९) लावला. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवस आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव येते.

गोव्यातील पालकत्वाचा विचार तेथील नागरी संहितेच्या नोंदीत केला आहे.